बारावीला गुण कमी पडले : प्रवेशाआधी काय काय करायचं

निकाल दुपारी एकला लागतो आणि दोन वाजेपर्यंत घरात तीन सल्ले जमलेले असतात. 'रीचेकिंगला टाक', 'सरळ ड्रॉप घे' (म्हणजे वर्षभर थांब) आणि 'मॅनेजमेंटमधून बघू' (म्हणजे कॉलेजच्या व्यवस्थापन कोट्यातून). तिन्ही सल्ले कुणासाठी तरी बरोबर असतात. तुमच्यासाठी त्यातला कुठला, हे ठरवण्याआधी एक गोष्ट माहीत हवी आणि नेमकी तीच कुणी विचारत नाही : तुम्हाला जिथे जायचंय तिथे बारावीच्या टक्क्यांवर यादी लागते, की टक्के फक्त पात्रतेपुरते बघतात?

हा लेख महाराष्ट्र राज्य मंडळातून बारावी झालेल्यांसाठी आहे. घरात यापूर्वी कुणी कॉलेजात गेलेलं नसेल, तर पालकांनीही सोबत बसून वाचावा. नियम आणि शुल्क दरवर्षी थोडेफार बदलतात, त्यामुळे अर्ज भरताना त्या वर्षीची माहितीपुस्तिका उघडून एकदा पडताळून घ्या.

पहिली पायरी : टक्के बाजूला ठेवा, विषयवार गुण लिहून काढा

कोरा कागद घ्या. डावीकडे विषयवार गुण लिहा, उजवीकडे मनात असलेले तीन-चार कोर्स. आता प्रत्येक कोर्ससमोर तिथे नेमकं काय लागतं ते लिहा. या अर्ध्या तासाच्या कामात निम्मी भीती जाते, असा माझा अनुभव आहे. कारण 'मला फक्त ५४ टक्के पडले' म्हणून रडणाऱ्या मुलाला इंजिनिअरिंगसाठी ५४ टक्के पुरून उरतात, हे बऱ्याचदा त्याला ठाऊकच नसतं.

इंजिनिअरिंगचंच बघू. महाराष्ट्रातल्या कॉलेजांत बी.ई. किंवा बी.टेक.च्या पहिल्या वर्षाला प्रवेश एमएचटी-सीईटी या राज्याच्या प्रवेश परीक्षेतल्या पर्सेंटाइलवर होतो (पर्सेंटाइल म्हणजे शंभरातले किती परीक्षार्थी तुमच्या बरोबरीचे किंवा मागे आहेत, तो आकडा). बारावीत भौतिकशास्त्र, गणित आणि तिसरा विषय (बहुतेकांचा रसायनशास्त्र) मिळून खुल्या प्रवर्गाला ४५ टक्के आणि राखीव प्रवर्गाला ४० टक्के लागतात. म्हणजे ३०० पैकी १३५ किंवा १२०. भौतिक आणि रसायनशास्त्रात प्रॅक्टिकलचे ३०-३० आणि गणितात २० गुण असतात हे धरलं, तर बहुतेकजण ही रेघ ओलांडतात. एकदा ओलांडली की तुमचे ५४ आणि शेजारच्याचे ८४ यात यादीच्या दृष्टीने फारसा फरक उरत नाही. बारावीचे गुण पुन्हा बघितले जातात ते दोघांचं पर्सेंटाइल सारखं आलं तरच.

बी.फार्म.लाही साधारण हेच गणित आहे : प्रवेश परीक्षा, आणि बारावीत ४५ किंवा ४० टक्के. पाच वर्षांच्या लॉसाठी राज्याची वेगळी सीईटी आहे. तिथे बारावीला खुल्या प्रवर्गाला ४५, ओबीसींना ४२, अनुसूचित जाती-जमातींना ४० टक्के लागतात आणि शाखा कुठलीही चालते. मेडिकलच्या प्रवेश परीक्षेसाठी, म्हणजे नीटसाठी, भौतिक, रसायन, जीवशास्त्र मिळून खुल्या प्रवर्गाला ५० टक्के, म्हणजे ३०० पैकी १५०, तर ओबीसी आणि अनुसूचित जाती-जमातींना १२०. दिल्ली विद्यापीठासारखी केंद्रीय विद्यापीठं २०२२ पासून पदवीचे प्रवेश सीयूईटी या सामाईक प्रवेश परीक्षेवर देतात. सैन्यदलांत अधिकारी व्हायचं असेल, तर एनडीएच्या लेखी परीक्षेला टक्क्यांची अट नाही. लष्करासाठी बारावी उत्तीर्ण पुरतं, हवाई दल आणि नौदलासाठी भौतिक-रसायन-गणित हवं.

पण एक अपवाद बऱ्याच जणांना नडतो. जेईई या देशपातळीवरच्या प्रवेश परीक्षेतून आयआयटी किंवा एनआयटी या केंद्राच्या इंजिनिअरिंग संस्थांत जायचं असेल, तर बारावीला ७५ टक्के लागतात (अनुसूचित जाती-जमातींना ६५), नाहीतर तुमच्या मंडळाच्या वरच्या २० पर्सेंटाइलमध्ये नाव हवं. हे ७५ टक्के सहाच्या सहा विषयांचे धरत नाहीत. भौतिक, रसायन, गणित, एक भाषा आणि आणखी एक विषय असे पाच विषय धरतात. जेईईत चांगली रँक आहे आणि बारावीला ७२ टक्के पडलेत, असं असेल तर आधी हे पाच विषयांचं गणित करा. सहावा विषय गळला की आकडा बदलतो. तरीही ७५ भरत नसतील, तर मंडळाचा वरच्या २० पर्सेंटाइलचा आकडा शोधा. तो त्या वर्षीच्या निकालानुसार ठरतो.

आता दुसरी बाजू. बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी.ला बहुतेक कॉलेजांत बारावीच्या गुणांवरच यादी लागते. डी.फार्म.ची, म्हणजे फार्मसीच्या डिप्लोमाची, गुणवत्ता यादीही बारावीच्या गुणांवर असते. इथे एकेका टक्क्याला किंमत आहे. बीबीए, बीएमएस, बीसीएचं चित्र २०२४ पासून बदललं. एआयसीटीई या तांत्रिक शिक्षणाला मान्यता देणाऱ्या केंद्रीय संस्थेच्या मान्यतेखालच्या कॉलेजांसाठी राज्याची सीईटी सुरू झाली, त्यामुळे 'बारावीवरच मिळेल' असं धरून बसलेली मुलं तेव्हापासून मागे पडतात. ती सीईटी दिलेली नसेल, तर जवळच्याच विषयातलं बी.कॉम. किंवा बी.एस्सी. कुठे आहे ते बघून ठेवा.

कागदावर आता कोर्सचे दोन रकाने पाडा : टक्के पात्रतेपुरते बघणारे, आणि टक्क्यांवर यादी लावणारे. बहुतेक कोर्स पात्रतेच्या रकान्यात असतील, तर गुण वाढवण्यामागे धावू नका, पुढच्या दोन पायऱ्या चाळून सोडा. यादीच्या रकान्यात असतील, तर त्या नीट वाचा.

दुसरी पायरी : उत्तरपत्रिका मागवायची का?

मंडळ तीन वेगवेगळ्या सोयी देतं आणि लोक तिन्हींना सरसकट 'रीचेकिंग' म्हणतात. गुणपडताळणीत बेरीज बरोबर आहे का, एखादं उत्तर तपासायचं राहून गेलं का, एवढंच बघतात. उत्तर पुन्हा वाचून गुण देत नाहीत. छायाप्रत म्हणजे तुमच्या उत्तरपत्रिकेची प्रत. आणि पुनर्मूल्यांकन म्हणजे पेपर खरोखर परत तपासणं. त्यासाठी आधी छायाप्रत घ्यावी लागते आणि ती मिळाल्यापासून कामाच्या पाच दिवसांत अर्ज करावा लागतो. गेल्या काही वर्षांतलं शुल्क विषयामागे गुणपडताळणीला ५० रुपये, छायाप्रतीला ४०० आणि पुनर्मूल्यांकनाला ३०० असं आहे. अर्ज ऑनलाइन होतो, स्वतः किंवा कॉलेजमार्फत. निकालाच्या दुसऱ्या दिवसापासून साधारण पंधरवडाभर मुदत असते. २०२५ मध्ये निकाल ५ मे रोजी लागला आणि मुदत ६ ते २० मे होती.

सगळ्या विषयांची छायाप्रत मागवणं म्हणजे पैसे आणि मन:शांती दोन्ही घालवणं. एक किंवा दोनच विषय निवडा : जिथे तुमचा अंदाज आणि मिळालेले गुण यांत मोठी तफावत आहे, आणि तो विषय तुमच्या प्रवेशाला लागणारा आहे. 'बाकीच्यांना पण कमी पडलेत' हे कारण नव्हे.

छायाप्रत हातात आली की स्वतः न्यायाधीश होऊ नका. त्याच विषयाच्या शिक्षकांकडे घेऊन जा आणि एकच विचारा : 'सर, हे उत्तर कमी तपासलंय का, की मी कमी लिहिलंय?' बहुतेक शिक्षक पाच मिनिटांत खरं सांगतात. ते 'टाक' म्हणाले तर टाका. पुनर्मूल्यांकनात गुण वाढतीलच असं नाही, आणि जो निकाल येईल तो मान्य करावा लागतो. अर्ज केला म्हणून प्रवेशाचं वेळापत्रक थांबत नाही, तेव्हा आहेत त्या गुणांवर फॉर्म भरत राहा.

छायाप्रतीचा दुसरा उपयोग मला जास्त मोलाचा वाटतो. आपण कुठे गुण घालवले हे त्यात पहिल्यांदा दिसतं. आकृती काढली पण नावं दिली नाहीत, गणिताच्या पायऱ्या गाळल्या, शेवटचे दोन प्रश्न कोरेच राहिले. परत परीक्षा द्यायची असेल, तर कुठल्याही क्लासच्या चाचणीपेक्षा ही प्रत जास्त शिकवते.

तिसरी पायरी : पुरवणी परीक्षा आणि गुणसुधार

नापास झालात तर वर्ष गेलं, असं आता नाही. जून-जुलैमध्ये पुरवणी परीक्षा होते आणि तुम्ही राहिलेल्या विषयांचेच पेपर देता. २०२५ मध्ये परीक्षा जूनच्या शेवटच्या आठवड्यात सुरू झाली आणि निकाल जुलैच्या अखेरीस लागला. फॉर्म मात्र मे महिन्यातच भरायचा असतो आणि तो तुमच्या कॉलेजातूनच भरला जातो. लाजेपायी कॉलेजात न फिरकणारी मुलं नेमकी इथे हुकतात. ऑफिसातल्या क्लार्कला दरवर्षी अशी मुलं भेटतात. त्यांना त्यात नवल वाटत नाही, तुम्हीही वाटून घेऊ नका.

पास आहात पण गुण कमी आहेत, अशांसाठी श्रेणी किंवा गुणसुधार योजना आहे. सगळ्या विषयांत एकाच वेळी उत्तीर्ण झालेल्यांना ती मिळते. २०२५ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये पास झालेल्यांना मंडळाने लागोपाठ तीन संधी दिल्या : जून-जुलै २०२५, फेब्रुवारी-मार्च २०२६ आणि जून-जुलै २०२६.

आता खरा हिशोब करा. जुलैच्या अखेरीस सुधारित गुण हातात येतात तोवर बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी.च्या याद्या लागून वर्गही सुरू झालेले असतात. म्हणजे या सुधारित गुणांचा फायदा त्याच वर्षी मिळेल असं समजू नका, तो बहुधा पुढच्या वर्षीच्या प्रवेशात होतो. म्हणून ही योजना प्रामुख्याने तिघांच्या कामाची आहे : पात्रतेची रेघ दोन-चार गुणांनी हुकलेले, जेईईची ७५ टक्क्यांची अट अडलेले, आणि कुठल्या तरी कारणाने वर्ष थांबणारच असलेले. बाकीच्यांनी ५८ चे ६३ करायला एक वर्ष खर्ची घालावं, असं मला वाटत नाही.

चौथी पायरी : यादीवरचा प्रवेश कमी गुणांत मिळवायचा कसा

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, आणि त्या गुणांच्या नसतात, फॉर्मच्या असतात.

पहिली यादी बघून खचू नका. पहिल्या यादीत वर असलेली मुलं एकाच वेळी चार-पाच कॉलेजांत लागलेली असतात. त्यांना प्रवेश एकाच ठिकाणी घेता येतो. त्यामुळे दुसऱ्या-तिसऱ्या यादीत आकडा खाली येतो. तो किती येतो, हे त्याच कॉलेजाच्या मागच्या वर्षीच्या तीनही याद्या काढून बघा. बऱ्याच कॉलेजांच्या संकेतस्थळावर त्या असतात, नाहीतर ऑफिसात विचारा. शेवटच्या यादीचा आकडा आणि तुमचे गुण यांत दोन-तीन टक्क्यांचं अंतर असेल, तर ते कॉलेज तुमच्या आवाक्यात आहे.

फॉर्म पाच ते सहा कॉलेजांत भरा : दोन आवाक्याच्या थोडे वरचे, दोन बरोबरीचे, दोन नक्की मिळणारे. शेवटच्या दोघांना कमी लेखू नका. तिथे प्रत्यक्ष जाऊन या, ग्रंथालय बघा, आधीच्या मुलांशी बोला. मुंबई विद्यापीठाच्या कॉलेजांसाठी आधी विद्यापीठाच्या पोर्टलवर नोंदणी करावी लागते आणि तो नोंदणी क्रमांक कॉलेजच्या फॉर्मवर टाकावा लागतो. स्वायत्त कॉलेजांची वेळापत्रकं वेगळी आणि बऱ्याचदा लवकरची असतात. निकाल लागायच्या आधीच तुमच्या यादीतल्या कॉलेजांची संकेतस्थळं बघून ठेवलेली बरी.

तुम्ही ज्या संस्थेतून बारावी केली तिचं पदवी महाविद्यालय असेल, तर तिथल्या मुलांना काही जागा राखीव असतात. हे ठाऊक नसल्याने अनेकजण आपलंच कॉलेज सोडून गावभर फिरतात. भाषिक किंवा धार्मिक अल्पसंख्याक संस्थांतही त्या-त्या समाजासाठी जागा असतात. खेळ आणि दिव्यांग यांचे कोटेही विसरू नका.

विषयाची निवड हीसुद्धा एक चावी आहे. बी.एस्सी.ला सगळे संगणकशास्त्र किंवा मायक्रोबायोलॉजीवर तुटून पडतात. त्याच कॉलेजात संख्याशास्त्र, भूगोल किंवा वनस्पतिशास्त्राच्या जागा तुलनेने सहज मिळतात. संख्याशास्त्राचं तर मला कोडंच आहे : गणित बरं असलेल्या मुलाला यापेक्षा उपयोगी विषय क्वचितच सापडेल, तरी तिकडे कुणी वळत नाही.

आणि एजंट. 'सीट करून देतो' म्हणत फोन येऊ लागतील. खाजगी विनाअनुदानित कॉलेजांत व्यवस्थापन कोट्याच्या ठरावीक जागा असतात हे खरं, पण त्यांच्यासाठी कॉलेजात स्वतः जाऊन अर्ज करता येतो, मध्यस्थ लागत नाही. पैसे पावतीशिवाय देऊ नका. कॉलेजला एआयसीटीईची किंवा फार्मसी असेल तर पीसीआयची (भारतीय फार्मसी परिषदेची) मान्यता आहे का ते या मान्यता देणाऱ्या संस्थांच्याच संकेतस्थळावर बघा.

पैशांचा आणखी एक मुद्दा मुलींच्या घरच्यांसाठी. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल, तर २०२४-२५ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी मुलींचं शिक्षण आणि परीक्षा शुल्क शासन भरतं. पण प्रवेश सरकारच्या, सगळ्या कॉलेजांसाठी एकत्र चालणाऱ्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून झालेला हवा. मोठ्या नावाच्या कॉलेजात व्यवस्थापन कोट्यातून घेतलेल्या जागेला ही सवलत नाही. चार वर्षांचा फरक लाखांत जातो, तेव्हा थोडं कमी नावाजलेलं कॉलेज पण केंद्रीय फेरीतून, हा हिशोब मांडून बघाच.

पाचवी पायरी : वळणाचा रस्ता

सायन्सला कमी गुण पडले आणि सीईटीही गेली, तर डिप्लोमाकडे बघा. बारावी सायन्स किंवा आयटीआय झालेल्यांना पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो. दोन वर्षांत डिप्लोमा पूर्ण होतो. त्यानंतर इंजिनिअरिंगच्याही थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं आणि तिथे सीईटी नाही, डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाच्या गुणांवर यादी लागते. म्हणजे दोन अधिक तीन, एकूण पाच वर्षं. सरळ वाटेपेक्षा एक वर्ष जास्त, ड्रॉप घेऊन गेलेल्यांच्या बरोबरीनेच. फरक इतकाच की मध्ये हातात एक डिप्लोमा असतो आणि वर्कशॉपमध्ये हात काळे झालेले असतात.

घरची परिस्थिती कामाला लावणारी असेल, तर नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ किंवा इग्नू, म्हणजे इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ, आहे. या पदव्या स्पर्धा परीक्षांना चालतात. बारावीच अपुरी राहिली असेल तर १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून परीक्षा देता येते, किंवा राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून, म्हणजे एनआयओएसमधून, बारावी पूर्ण करता येते.

सहावी पायरी : ड्रॉप घ्यायचा असेल तर

ड्रॉप हा शब्द रागाच्या भरात उच्चारू नका. निदान आठ दिवस जाऊ द्या आणि मग तीन प्रश्नांची लेखी उत्तरं द्या. यंदा कमी का पडलं : आजारपण, घरची अडचण, की अभ्यासच झाला नाही? पुढच्या वर्षी त्यातलं नेमकं काय बदलेल? आणि बदललं नाही तर दुसरा रस्ता कुठला? कारण 'अभ्यासच झाला नाही' असेल आणि बदलणार फक्त क्लासचं नाव असेल, तर क्लाससाठी लातूरला खोली घेऊन वा राजस्थानातल्या कोटा शहरात जाऊन फरक पडत नाही. आजारपणाने किंवा घरातल्या प्रसंगाने वर्ष गेलेल्या मुलाला मात्र ड्रॉप खरोखर उपयोगी पडतो.

परीक्षेचे नियमही बघा. जेईई मेन लागोपाठ तीन वर्षं देता येते, आयआयटीसाठीची पुढची परीक्षा, जेईई ॲडव्हान्स्ड, लागोपाठ दोनच वर्षं. नीटला प्रयत्नांची मर्यादा नाही आणि म्हणूनच ती मुलांना तीन-तीन वर्षं अडकवून ठेवते, तिथे मर्यादा घरानेच आखायला हवी. एमएचटी-सीईटी जुन्या बारावीच्या गुणांवर पुन्हा देता येते. तिच्यात १५० प्रश्न, २०० गुण, चुकीला गुणवजावट नाही, आणि सुमारे २० टक्के भाग अकरावीचा. अकरावी हलक्यात घेतलेल्यांना गुण वाढवायची सोपी जागा इथेच आहे.

मधला मार्गही आहे : बी.एस्सी.ला प्रवेश घेऊन ठेवायचा आणि सोबत तयारी करायची. वर्ष वाया जात नाही, पण हजेरी आणि सेमिस्टर परीक्षा यांत तयारी अर्धी राहते. अशी दुहेरी कसरत झेपणारी मुलं थोडीच असतात.

ड्रॉप घेतलात तर त्या वर्षाचं प्रतिज्ञापत्र पुढच्या प्रवेशावेळी मागतात. कुठेही नाव घातलेलं नव्हतं, असं त्यात लिहून द्यावं लागतं. शाळा सोडल्याचा दाखला, डोमिसाइल, उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रिमिलेअर, जातवैधता यांपैकी जे लागू असेल ते याच वर्षात काढून ठेवा. जातवैधतेला महिने लागतात आणि केंद्रीय फेऱ्यांत राखीव जागा मिळूनही कागदाअभावी हातची गेलेली मुलं दरवर्षी दिसतात.

पालकांसाठी थोडंसं

निकालानंतरचे पहिले चार-पाच दिवस नातेवाइकांचे फोन तुम्ही घ्या, मुलाच्या हातात देऊ नका. 'किती पडले' या प्रश्नाला 'पास झाला, आता प्रवेशाचं बघतोय' एवढं उत्तर पुरतं. शेजारच्यांच्या मुलाचे टक्के जेवणाच्या ताटावर काढू नका. मूल जेवत नसेल, झोपत नसेल, खोलीबाहेर येत नसेल किंवा जगण्याबद्दल काही विपरीत बोलत असेल, तर ते हट्टाचं किंवा नाटकाचं समजू नका. त्याला एकटं सोडू नका. टेली-मानस ही सरकारची मोफत मानसिक आरोग्य सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास सुरू असते, मराठीतूनही बोलता येतं. फोन पालकांनी केला तरी चालतो.